प्रकरण ७ : तुझा आवडता गेम कुठला?

"तू गेम बनवतोस म्हणे. मग तुझा आवडता गेम कुठला?"

कोल्हापूरच्या कसब्या बावड्यात हा प्रश्न मला मिसळीच्या टेबलावर, दळणाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विचारतात. दिवसा मी एका ऑफिसात हिशेब सांभाळतो. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून छोटे छोटे गेम बनवतो. छंद जुना आहे, पण या प्रश्नाला एका नावात उत्तर देणं मला अजून जमलेलं नाही. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या वेगवेगळ्या गेमनी मला एकेक गोष्ट शिकवली, आणि त्यातली एक गाळली तरी पुढची नीट कळत नाही. म्हणून या प्रकरणात मी शिकलो त्याच क्रमानं सांगतो.

निवडताना माझी कसोटी एकच आहे. माझं बोट बटणावर पडल्यापासून पडद्यावर काहीतरी घडेपर्यंत, त्या मधल्या जागेत बनवणाऱ्यानं माझा किती विचार केला आहे? चित्रं, गाणी, गोष्ट हे सगळं मी त्यानंतर बघतो.

१. चरक आणि लेझीम

आधी कन्सोल म्हणजे काय ते पाहू. घरातला कॉम्प्युटर पत्र लिहितो, हिशेब करतो, सिनेमा दाखवतो. कन्सोल हा गुऱ्हाळावरच्या चरकासारखा. एकच काम, पण त्या कामात तरबेज: टीव्हीला जोडायचा, गेम घालायचा, खेळायचं. बनवणाऱ्याच्या दृष्टीनं याचा मोठा फायदा असतो. एका कंपनीचा एक कन्सोल घेतलेल्या लाखो घरांत तेच यंत्र असतं. मोबाइलसाठी गेम करताना समोरच्याकडे कुठला फोन आहे, पडदा केवढा आहे, काहीच ठाऊक नसतं.

आता चरकाच्या आत डोकावू. गेम चालू असताना यंत्र एका सेकंदात साधारण साठ वेळा तीन कामं करतं. बटणं बघतं, नियम लावतं, चित्र काढतं. पुन्हा बटणं, नियम, चित्र. लेझमीच्या पथकात हलगीच्या प्रत्येक ठोक्याला ऐकायचं, पाऊल टाकायचं, वळायचं असतं, तसंच. या एका ठोक्याला 'फ्रेम' म्हणतात. सेकंदाचा साठावा हिस्सा. एवढा एक शब्द लक्षात ठेवा, पुढं सगळीकडे लागणार आहे.

२. बंदुकीला बदक दिसतं कसं?

नव्वदच्या दशकात आमच्याकडे जो 'टीव्ही गेम' यायचा तो बहुतेक वेळा जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असायचा. गेमच्या डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो. चालली नाही की काढून फुंकर मारायची, परत घालायची. सोबत प्लास्टिकची बंदूक असली तर त्या घरात मे महिन्याच्या सुट्टीत गल्ली भरायची.

बदकं मारायचा तो गेम म्हणजे 'डक हंट', १९८४ सालचा. बंदुकीतून गोळी निघत नाही, किरण निघत नाही, मग टीव्हीला कळतं कसं की नेम लागला? लहानपणी मला वाटायचं की बंदूक टीव्हीकडे काहीतरी फेकते. खरा प्रकार बरोबर उलटा आहे. बंदूक बघते. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक छोटा डोळा बसवलेला असतो.

घोडा ओढला की यंत्र एका फ्रेमपुरता सगळा पडदा काळा करतं. पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतं. बंदुकीच्या डोळ्याला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तर नेम बदकावर होता. उजेड दिसलाच नाही, तर चुकला. पडद्यावर दोन बदकं असली तर पहिल्या फ्रेमला अंधार, दुसरीत पहिल्या बदकाचा चौकोन, तिसरीत दुसऱ्याचा. उजेड कितव्या फ्रेमला दिसला यावरून कुठलं बदक पडलं ते ठरतं. हा सगळा कारभार सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात उरकतो. आपल्याला फक्त एक लुकलुक जाणवते.

आधी अंधार कशासाठी? तो नसता तर बंदूक घरातल्या बल्बकडे रोखून प्रत्येक बदक पाडता आलं असतं. खेळणारी पोरं काय काय युक्त्या काढतील हे गेम बनवणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं. ही बंदूक आजच्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. तिचा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीवर बसवलेला होता. त्यात चित्र क्षणात उमटायचं, नव्या पडद्यात ते काही फ्रेम उशिरा येतं. बंदूक बघते तेव्हा चौकोन अजून आलेलाच नसतो.

यंत्राकडे कॅमेरा नव्हता, ताकद नव्हती, होता तो एक डोळा आणि एक काळी फ्रेम. गेम बनवताना अडलो की मला आजही हेच आठवतं.

३. एका उडीचा हिशेब

फ्रेम कळली की 'सुपर मारिओ ब्रदर्स' कळतो. साल १९८५. सगळा गेम ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर येणारा साधा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत आठ जगं, बत्तीस टप्पे, गाणी, राक्षस सगळं बसवायचं म्हणजे मध्यमवर्गीय घराचा महिनाअखेरीचा संसार. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट निरखून बघा. आकार तोच आहे. वर पांढरा रंग, खाली हिरवा.

पण माझा जीव या गेमच्या उडीत अडकला आहे. उडी म्हणजे काय? वर जाण्याचा वेग, आणि तो दर फ्रेमला थोडा थोडा कमी करणारं वजन. सोपे आकडे घेऊ. बटण दाबलं त्या फ्रेमला माणूस १० ठिपके वर गेला. पुढच्या फ्रेमला ९, मग ८, असं १ पर्यंत. बेरीज करा: १० + ९ + ८ + … + १ = ५५. माणूस ५५ ठिपके वर चढला आणि तिथून खाली यायला लागला. झाली उडी. माझ्या पहिल्या गेममध्ये नेमकी अशीच होती, आणि ती मेलेली वाटायची. दर वेळी तेवढीच उंच, विटी उडाल्यासारखी.

मारिओत एक नियम जास्त आहे. बटण दाबून धरलं असेल तोवर वजन कमी लागतं, सोडलं की वाढतं. आमच्या आकड्यांत सांगायचं तर बोट धरून ठेवलं तर दर फ्रेमला वेग १ नं घटतो, सोडल्यावर २ नं. समजा चार फ्रेमनंतर बोट सोडलं. १० + ९ + ८ + ७ = ३४, पुढं ५ + ३ + १ = ९. एकूण ४३. बोट किती वेळ दाबलं त्यावर उडी ठरते, म्हणजे उंची खेळणाऱ्याच्या हातात येते. हा एक नियम घातल्यावर माझं पात्र त्याच रात्री जिवंत झालं. दीड वाजेपर्यंत मी नुसता उड्या मारत बसलो होतो.

दुसरी गोष्ट पहिल्याच पडद्याची. मारिओ डावीकडे उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा. कुणी सांगत नाही, पण पाय उजवीकडे निघतात. समोरून गुंबा नावाचा बुटका प्राणी चालत येतो. धडकलात की जीव जातो, पण आत्ताच सुरुवात केलेली असते, फारसं काही हरवत नाही. पुढच्या खेपेला उडी मारता. उडी मारताना डोकं वरच्या ठोकळ्याला लागतं आणि मशरूम बाहेर पडतं. ते पुढच्या नळाला आपटून माघारी तुमच्याकडेच येतं, चुकवणं अवघड. अंगाला लागलं की मारिओ मोठा होतो. चालणं, मरणं, उडी, बक्षीस, चार धडे झाले आणि वाचायला एक अक्षर नव्हतं. हा गेम घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी ही मांडणी मुद्दाम तशी केली होती. आम्हाला इंग्रजी येत नसताना बावड्यात बसून आम्ही तो शिकलो याचं कारण हेच.

४. नशीब किती असावं?

महाद्वार रोडवर मिळणारा हातातला 'ब्रिक गेम' ज्यांनी खेळला त्यांनी टेट्रिस खेळला. अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ साली मॉस्कोत बनवला. १९८९ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय या खिशातल्या कन्सोलबरोबर तो जगभर गेला. गेम बॉयला रंग नव्हते, हिरवट पडद्यावर चारच छटा. तो घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांचा आग्रह असायचा की जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. आमच्या कोल्हापुरात जुनं इंजिन पंपाला जोडणाऱ्या मिस्त्र्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

टेट्रिसमध्ये सात आकार. त्यातल्या उभ्या काठीची सगळे वाट बघतात, कारण एकदम चार ओळी तीच फोडते. दर वेळी फासा टाकून तुकडा द्यायचा ठरवला, तर काठी न येण्याची शक्यता सातात सहा. सलग दहा वेळा न येण्याची? सहा सप्तमांश ही संख्या दहा वेळा घेऊन गुणाकार करा, उत्तर ०.२१ येतं. म्हणजे दहा तुकड्यांच्या पाच गठ्ठ्यांतल्या साधारण एकात काठी नसणारच. खेळणाऱ्याला वाटतं यंत्र मुद्दाम छळतंय.

पुढच्या काळातल्या टेट्रिसनी यावर सुरेख उपाय काढला. हाऊजीसारखी पिशवी घ्यायची. सातही आकारांच्या चिठ्ठ्या तिच्यात टाकून एकेक काढायची, संपल्या की परत सात भरायच्या. आता दोन काठ्यांमध्ये जास्तीत जास्त किती तुकडे येतील? एका पिशवीत काठी पहिलीच निघाली आणि पुढच्या पिशवीत शेवटी, तर मध्ये ६ + ६ = १२. नशीब उरलं, पण त्याला कुंपण पडलं. माझ्या सगळ्या गेममध्ये आता पिशवीच असते, फासा नाही.

५. पकड

प्लेस्टेशन २ हे यंत्र जगात १५ कोटींहून जास्त खपलं. कोल्हापुरात ते तासावर खेळायला मिळायचं. एका खोलीत चार टीव्ही, भिंतीवर दर लिहिलेला, आणि सगळे क्रिकेट नाहीतर मारामारीचे गेम मागायचे. तिथं एका दुपारी मी 'शॅडो ऑफ द कोलोसस' लावला. २००५ सालचा, फुमितो उएदा यांचा. अर्ध्या तासात मागं बसलेली पोरं गप्प झाली होती.

ओसाड मुलूख, एक तरुण, एक घोडा आणि डोंगराएवढे सोळा अजस्र प्राणी. बाकी शत्रू नाहीत, गावं नाहीत, दुकानं नाहीत. उएदांनी गेममधून एकेक गोष्ट काढत काढत हा गेम केला. राहिलं ते इतकं मोठं दिसतं त्याचं कारण आजूबाजूला काही नाही. घोडासुद्धा खेळण्यातला नाही. लगाम ओढला की मनात येईल तेव्हा वळतो.

त्या प्राण्यांच्या अंगावर केसांना धरून चढायचं असतं. धरण्यासाठी एक बटण दाबूनच ठेवायचं. प्राणी अंग झाडतो, हातातलं यंत्र थरथरतं, पडद्यावरचं ताकदीचं वर्तुळ लहान होत जातं. बोट खरंच दुखायला लागतं. तालमीत ज्यानं कधी पट धरून ठेवला आहे त्याला हे सांगायला नको. पकड सुटली की पैलवान गेला. इथं पडद्यावरच्या तरुणाचा आणि माझ्या बोटाचा थकवा एकाच वेळी येतो. एवढं साधं, एका बटणाचं काम, आणि ते करण्याचं धाडस फार थोड्या गेमनी केलं.

६. अडसाली ऊस आणि चौदा मिनिटांचा दिवस

वेळ आवळायची कशी, हा पुढचा धडा. बावड्याभोवती ऊस, आणि आमच्याच हद्दीत छत्रपती राजाराम साखर कारखाना. अडसाली लावण केली तर तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने जातात. हे गेममध्ये आणायचं झालं तर कोण वाट बघेल?

एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानं साडेचार वर्षं एकट्यानं राबून 'स्टारड्यू व्हॅली' केला. चित्रं त्याची, गाणी त्याची, नियम त्याचे. २०१६ साली तो कॉम्प्युटरवर आला आणि नंतर सगळ्या मोठ्या कन्सोलवर पोचला. त्यात शेती करायची असते. सात खऱ्या सेकंदांत तिथली दहा मिनिटं जातात. दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो: वीस तास, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे १२० तुकडे. १२० गुणिले ७ म्हणजे ८४० सेकंद, चौदा मिनिटं. पार्सनिप नावाचा मुळ्यासारखा कंद चार दिवसांत निघतो. बी २० चं, माल ३५ चा.

सुरुवातीला अंगात ताकद २७०, आणि झारीनं एका रोपाला पाणी घातलं की २ कमी. म्हणजे १३५ रोपांना पाणी घातलंत की दिवसभर दुसरं काही जमणार नाही. इथं गेमनं तुम्हाला शेतकऱ्याचा खरा प्रश्न विचारला: लावू किती? माझ्या आईनं तासभर हा गेम बघितला आणि म्हणाली, "पाण्याची पाळी रात्रीची नाही व्हय हितं?" रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला गेलेल्या बाईचा हा प्रश्न. तेव्हापासून रात्रीच्या पाळीचा गेम माझ्या वहीत लिहून ठेवला आहे.

७. पुण्याची राजी

इतका वेळ जपान, रशिया, अमेरिका झालं. आता घराजवळ येऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बनवला. २०१७ साली लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला, ठरवलेला आकडा गाठता आला नाही. तरी ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि थोड्याच महिन्यांत प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटरवरही. त्याच वर्षी द गेम ॲवॉर्ड्स या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातल्या पोरींसारखी कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू असुर पळवून नेतात. तिची उडी, कोलांटी, खांबाभोवती गिरकी, सगळं त्या कसरतीतून आलेलं, म्हणून ते खरं वाटतं. मारामारी मला काही ठिकाणी जड वाटली, तेही सांगतो. पण गोष्ट पुढं नेताना छायाबाहुल्या येतात तेव्हा मी दर वेळी थांबतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्यांचा असाच खेळ जपला आहे. दिव्यापुढं बाहुली, पडद्यावर सावली. चरक नवा, पण पडद्याची ओढ आपल्या मुलखात जुनी आहे.

८. कड्यावरचं दशांश सेकंद

शेवटचा गेम 'सेलेस्ट'. २०१८ साली तो स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि कॉम्प्युटरवर आला. त्याचं पहिलं रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत केलं होतं, पिको-८ नावाच्या काल्पनिक कन्सोलवर. हे यंत्र कुठल्या दुकानात मिळत नाही, ते फक्त सॉफ्टवेअर आहे. पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा, रंग सोळा. जुन्या यंत्रांची तंगी लोकांनी आपणहून परत मागून घेतली, ही गोष्ट मला फार आवडते.

सेलेस्ट अतिशय अवघड आहे. एक मुलगी डोंगर चढते आणि शेकडो वेळा पडते. तरी राग येत नाही. का? तर कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सुमारे एक दशांश सेकंद, म्हणजे सहा फ्रेम, गेम तुमची उडी मान्य करतो. पाय हवेत आहेत, नियमानं उडी मिळायला नको, पण मिळते. तसंच, जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलंत तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्या टेकल्या उडी देतो. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला वाटतं, माझा हात बसला.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, गल्लीतल्या एका दहा वर्षांच्या पोरानं शिकवलं. गेल्या पावसाळ्यात मी गोडो या फुकट मिळणाऱ्या साधनावर 'बंधारा' नावाचा गेम करत होतो. राजाराम बंधाऱ्यावरून वैरणीचा भारा घेऊन पलीकडे जायचं, आणि पंचगंगेचं पाणी चढत राहणार. बाजूला पातळी दिसते: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या महापुरात ती ५५ फुटांच्या वर गेली होती, हे बावड्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. खांबावरून खांबावर उड्या होत्या. पोरगा तिसऱ्या खांबावरून पाण्यात पडला, परत पडला, आणि चिडून म्हणाला, "काका, दाबलं हुतं की म्या!"

मी म्हटलं, उशिरा दाबलंस. तो ऐकेना. रात्री मी त्याच्या खेळाची नोंद उघडली आणि एकेक फ्रेम सरकवत बघितली. पाय खांबावरून सुटला, त्यानंतर बरोबर दोन फ्रेमनी बटण दाबलेलं होतं. सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याची चूक. डोळ्याला दिसणं, मनानं ठरवणं, बोट हलणं, यात एवढा वेळ कुणाचाही जातो. त्याच्या बाजूनं तो खरंच बोलत होता. सहा फ्रेमची सवलत घालायला मला चार ओळी लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. मी काही बोललो नाही. पातळी एकेचाळीस फुटांवर असताना त्यानं शेवटचा खांब ओलांडला आणि भारा पलीकडे टाकला.

"आज बटण चांगलं हाय," तो म्हणाला. मग पडद्याकडं बघत थोडा वेळ थांबला. "काका, वैरण नेली, पण म्हस अल्याडच ऱ्हायली की. तिला कसं न्यायचं?"